सत्तेचाळीस नंबरची पाटी

समितीतल्या एका सभासदानं बुटाच्या टोकानं मागच्या टायरला ठोकर मारली, आणि वलायत हुसेननं रुमाल काढून तिथला डाग पुसला.

"टायर उत्तम आहेत हं," सभासद म्हणाला. टायरला लाथ मारून त्याला काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्यानं बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावून दोनदा "अच्छा, अच्छा" केलं आणि बंद करायला सांगितलं. पावसाची भुरभुर चालूच होती. समितीच्या अध्यक्षा ऑर्मरॉडबाई छत्री मिटून सरळ मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अगंबाई! माझ्या घरचा सोफासुद्धा असा राहिला नाही हो, मिस्टर हुसेन."

"तुमच्या सोफ्यावर नातवंडं नाचत असतील, बाई. इथं मी कुणाला नाचू देत नाही."

बाई खळखळून हसल्या. ब्रॅकनशॉ शहराच्या कौन्सिलच्या आवारात, मोटारी लावायच्या जागेत, एकोणीस वर्षं जुन्या काळ्या टॅक्सीची अशी वरात निघाली होती. नियमच तसा होता. पंधरा वर्षांवरच्या टॅक्सीला यापुढं परवान्याची पाटी मिळणार नाही, असा ठराव गेल्या वसंतात झाला होता. गाडी अगदीच असामान्य असेल, तर समितीनं ती डोळ्यांनी पाहायची आणि वर्षभराची सूट द्यायची. तेवढी एक फट ठेवली होती, आणि त्या फटीतनं आपली सत्तेचाळीस नंबरची गाडी काढायला वलायत निघाला होता.

त्याला एकच वर्ष हवं होतं, खरं तर अकराच महिने. मग पेन्शन सुरू होणार होती. अकरा महिन्यांसाठी नवी विजेची गाडी घेणं हा शुद्ध वेडेपणा. आणि दुसऱ्याची गाडी पाळीनं चालवायची, कुणाच्या तरी चिप्सचा वास नाकात घेऊन, हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. स्टेशनच्या थांब्यावर त्याला वलायत म्हणून कुणी हाक मारत नसे. "ए सत्तेचाळीस, तुझा नंबर!" असंच ओरडायचे सगळे. पाटी गेली तर माणसाला हाक तरी काय मारणार?

टायरवाला सभासद आता रेशमकडं वळला. रेशम म्हणजे वलायतची बायको. ती पिशवी पोटाशी धरून बाजूला उभी होती.

"तुम्हीही चालवत असाल ना ही गाडी?"

"मी?" रेशम म्हणाली. "मला हिला हात लावायची बंदी आहे, साहेब. तुमच्याच कौन्सिलची."

सभासद गोंधळला. रेशमनंच मग त्याला त्याच्या कौन्सिलचा नियम समजावून दिला. गाडीवर पाटी आहे तोवर ती टॅक्सी. टॅक्सी चालवायची तर गळ्यात बिल्ला पाहिजे, मग कोपऱ्यावरनं दूध का आणायचं असेना. "सतरा वर्षं झाली मला पास होऊन. तिसऱ्या खेपेला झाले. लायसन जपून ठेवलंय, आणि बाजाराला बसनं जाते."

घरी ती गाडीला सवत म्हणायची. "जा, तिला आंघोळ घाला. मला काय, मी म्हातारी झाले," असं दर रविवारी व्हायचं, आणि वलायत बादली घेऊन खरंच जायचा.

चाचणीखात्याचा क्लिफर्ड पिल्किंग्टन या सगळ्यापासून चार हात लांब, हाताची घडी घालून उभा होता. लग्नामुंजीला घालायचा सूट त्यानं आज घातला होता आणि त्यात तो अवघडला होता. एकोणीस वर्षं दर साल ही गाडी त्यानंच तपासली होती. वायपरच्या रबरावरून, नंबराच्या दिव्यावरून, एकदा तर हॉर्नच्या आवाजावरून दोघांची अशी जुंपली होती, की खात्यातली पोरं चहा टाकून बघायला आली होती. एवढ्या वर्षांत क्लिफनं त्या गाडीबद्दल चांगला म्हणून एक शब्द काढला नव्हता. आणि या वेळच्या अहवालात, म्हणे, त्यानं चांगला शब्द लिहिला होता. तीन आठवड्यांनी तो निवृत्त होणार होता.

"आता वर चला," ऑर्मरॉडबाई उतरत म्हणाल्या. "अर्ध्या तासात उरकू. काळजी करू नका."

वलायतला काळजी होती. ती कसली, ते या जगात आता त्याला आणि रेशमला, दोघांनाच माहीत होतं. तिसरा कबरीत होता.

तो तिसरा म्हणजे सगीर, रेशमचा धाकटा भाऊ. रेल्वेपुलाच्या कमानीखाली त्याचं लहानसं गॅरेज होतं. आठ वर्षांपूर्वी, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं गाडीचा तळ खाल्ला. ड्रायव्हरच्या सीटखाली बशीएवढं भोक पडलं. सगीरनं दोन रविवार घेतले. कुजका पत्रा कापला, नवा बसवला, वेल्डिंग केलं, मग घासत बसला, मग रंग, मग पुन्हा घासणं. शेवटी वलायतला खाली झोपवून म्हणाला, "शोधा दाजी, ठिगळ कुठंय?" दाजींना सापडलं नाही.

"क्लिफला सापडेल," वलायत म्हणाला होता.

"क्लिफला सापडलं तर ही मिशी उतरवून ठेवीन!" केवढी मिशी होती ती! नुसत्या मिशीवर सगीरला सासरी मान होता.

तेव्हा ठिगळाला मनाई नव्हती. ठिगळ पक्कं असलं की झालं, कुणी विचारायचंही नाही. म्हणून तो दोघांचा खेळच झाला. दरवर्षी चाचणी आटोपली की वलायत फोन करायचा. सगीर विचारायचा, "सापडलं?" हा म्हणायचा, "नाही सापडलं," आणि पलीकडं ते गडगडाटी हसू. दोन वर्षांपूर्वी सगीर गेला. तेव्हापासून चाचणीच्या दिवशी वलायत कब्रस्तानाच्या फाटकापाशी गाडी हळू करायचा आणि काच खाली करून सांगायचा, "नाही सापडलं रे." मीटर चालू असला, मागं गिऱ्हाईक असलं, तरी सांगायचा.

पण नव्या नियमात सूट हवी तर सांगाडा मूळचा पाहिजे, ठिगळ चालणार नाही, असं लिहिलं होतं. रेशमनंच ते पत्र स्वयंपाकघरात वाचून दाखवलं होतं. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "डाळीत मीठ कमी आहे आज." त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. अहवाल क्लिफ लिहिणार, त्याला दिसेल ते लिहिणार. आपण खोटं बोलायचं नाही. फक्त बोलायचं नाही.

वरच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारी एक पोरगी. रेशम बाहेर बाकावर बसली. क्लिफनं उभं राहून आपला अहवाल वाचला, शाळेतल्या मुलासारखा, एकेका शब्दावर थांबत.

"ब्रेक उत्तम. चाकं उत्तम. सांगाडा मूळचा. कुठंही ठिगळ नाही, गंज नाही." मग त्यानं घसा खाकरला. "बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हा शब्द कुठल्याही गाडीला लिहिलेला नाही. असामान्य."

वलायतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकोणीस वर्षं भांडून या माणसानं मनात हे ठेवलं होतं!

ऑर्मरॉडबाईंनी दोन्हीकडच्या सभासदांकडं पाहिलं. दोघांनीही माना हलवल्या. "सुंदर. मिस्टर हुसेन, हा अहवाल बरोबर आहे ना? नोंदीसाठी नुसतं हो म्हणा."

हो! एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. समोर क्लिफची सही होती, तीन आठवड्यांनी घरी जाणाऱ्या माणसाची. आणि कमानीखाली गुडघ्यावर बसून दोन रविवार घासणारा सगीर होता. 'कुठंही ठिगळ नाही' याला हो म्हटलं, की ते दोन रविवार झालेच नव्हते. आपल्याच तोंडानं पुसून टाकायचे ते. हे त्याच्यानं होईना.

"नाही, बाई," वलायत म्हणाला. "ठिगळ आहे."

क्लिफचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"शक्य नाही! मी त्या गाडीखाली एकोणीस वर्षं झोपतोय!"

"आठ वर्षांपूर्वीचं आहे. माझ्या मेव्हण्यानं लावलंय. क्लिफची चूक नाही, बाई. ते कुणालाच सापडलं नसतं."

"मग सांगितलंत कशाला?" टायरवाल्या सभासदाच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यानं घाईनं ग्लास तोंडाला लावला.

समिती दहा मिनिटं आतल्या खोलीत गेली. परत आल्यावर ऑर्मरॉडबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर हुसेन, मला ही सूट द्यायची होती. खरंच द्यायची होती. पण आज तुम्हाला दिली, तर उद्या येईल त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? अर्ज नामंजूर. पाटी सात दिवसांत जमा करा."

"बरं, बाई."

कोपऱ्यातल्या पोरीनं मान वर केली. "माफ करा, ते काम कुणी केलं, त्यांचं पूर्ण नाव सांगता? नोंदवावं लागतं."

"सगीर अहमद," वलायत म्हणाला. "सगीर अहमद, कमानीखालचा."

पोरीनं लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

खाली आवारात क्लिफ आधीच पोचला होता. कोट काढून त्यानं टॅक्सीच्या टपावर फेकला आणि हा बासष्ट वर्षांचा माणूस ओल्या फरशीवर उताणा झोपून, हातात बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. नुसते पाय बाहेर.

"कुठंय?" आतून आवाज आला.

"शोध की. बत्तीस वर्षांची नोकरी आहे ना?"

"वलायत, मस्करी करू नकोस. सूट भिजतोय माझा. कुठंय?"

वलायत गुडघे मोडून खाली वाकला. "सीटच्या बोल्टापासून चार बोटं मागं. डावीकडं. आता नख फिरव."

बराच वेळ नख फिरत राहिलं, मग थांबलं.

"सापडलं?"

"च्यायला," क्लिफ हळूच म्हणाला. "हे काम आहे होय! असं मला जन्मात जमलं नसतं." तो सरपटत बाहेर आला, पाठीवर सगळा चिखल. "आणि गाढवा, गप्प बसला असतास तर? तीन आठवड्यांत मी जाणार, तू अकरा महिन्यांत. कोण विचारणार होतं?"

"कुणी नाही. म्हणून तर कुणाला कळलंही नसतं, सगीरनं काय केलं होतं ते."

क्लिफनं त्याच्याकडं पाहिलं, आणि शर्टाला हात पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "पाटी मीच काढू?"

"सात दिवस आहेत म्हणाल्या बाई."

"मग?"

"काढ. सात दिवस काय तिच्या तोंडाकडं बघत बसू?"

चार स्क्रू होते. त्यातला एक गंजला होता, निघता निघेना. पाटी निघाली, तेव्हा तिच्याखालचा चौकोन पहिल्या दिवसासारखा काळाभोर दिसला. बाकीची गाडी किती विटली होती, ते वलायतला आजच कळलं. एवढं घासून, पुसून! क्लिफनं टपावरचा कोट उचलला, पाटी रुमालात गुंडाळली आणि काखेत धरली. जाताना गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, आणि मग वलायतच्या खांद्यावर.

रेशम केव्हाची येऊन उभी होती. तिनं हात पुढं केला.

"काय?"

"किल्ली."

"रेशम, विमा लागतो. असं नाही चालत."

"आजच्या दिवसाचा विमा काढलाय मी. फोनवरनं. तुम्ही आत होता तेव्हा."

वलायत तिच्याकडं बघतच राहिला. "म्हणजे तुला ठाऊक होतं, पाटी जाणार म्हणून?"

"पत्र मीच वाचलं होतं ना?" रेशम म्हणाली. "आणि चाळीस वर्षं तुम्हाला ओळखते. तुमच्याच्यानं ते हो म्हणवणार होतं होय? द्या किल्ली."

त्यानं किल्ली दिली. सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेला, तिथनं परत फिरला, आणि काय वाटलं कोण जाणे, मागचं दार उघडून आत बसला. एकोणीस वर्षांत तो मागं बसलाच नव्हता. रेशमनं सीट पुढं ओढली. आरसा खाली केला. आरशात तिचे डोळे दिसले, आणि ते डोळे त्याच्याकडं बघत होते.

"कुठं सोडू, साहेब?"

उत्तराची वाट न बघता तिनं गिअर टाकला. गाडीनं एक हिसका खाल्ला, मग दुसरा, आणि निघाली. क्लच एकदम सोडतेय, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

घराचा रस्ता डावीकडं होता. रेशम उजवीकडं वळली. कब्रस्तानाच्या फाटकापाशी तिनं इतका जोरात ब्रेक मारला, की वलायत पुढच्या सीटवर आदळला.

"सांगा त्याला," ती म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

वलायतनं काच खाली केली. भुरभुर थेट तोंडावर आली.

"सगीर," तो म्हणाला, "क्लिफला नाही सापडलं रे. मला दाखवावं लागलं. तुझी मिशी शाबूत आहे."

मागच्या मोटारीनं हॉर्न वाजवला. रेशमनं ओढणीनं डोळे पुसले, आरशात पाहून हात वर करून माफी मागितली, आणि गाडी पुन्हा दोन हिसके खाऊन निघाली.