कडेच्या पेशी

"ताई, रंग नाही आला," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रथिन गेलेलं दिसतंय."

काचेवर नुसता नंबर होता, पण तो कोणाचा हे ताईंना पाठ होतं. नणंदेच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा त्यांनी स्वतः आणून दिला होता. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन असतं. ते शाबूत असेल तर काच तपकिरी दिसते, आणि आजार औषधाला दाद देईल अशी आशा जास्त. नसेल तर निळी. ही निळीच होती.

तीस वर्षं ताई प्रयोगशाळेत काचा रंगवत होत्या. एकही फुकट गेली नव्हती, आणि हे चारचौघांत ऐकवल्याशिवाय ताईंना चैन पडत नसे.

"मी बघू?" त्यांनी खुर्ची ओढली. गाठ निळी. मग नजर कडेला गेली. तिथे आजाराचा वाराही न लागलेल्या चांगल्या पेशी होत्या. त्याही निळ्याच.

त्यांनी पुन्हा एकदा बघितलं.

"डॉक्टर, चांगल्या पेशींत तर हे प्रथिन असतंच ना? मग त्या का निळ्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे तपकिरी रंग आणणाऱ्या द्रावाचा थेंबच मी टाकला नाही. नंबर दिसला नि लक्ष उडालं. बाकीच्या काचांवर टाकला, ही सुटली."

स्वतःची चूक सांगताना माणूस इतकं हसतं, हे डॉक्टरीणबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्या कोणाला सांगू का करायला?"

"नको. मीच करते. फक्त कोणीतरी शेजारी उभं राहा."

दुपारभर ताई प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत राहिल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काच लावली, आणि आधी कड बघितली, मग गाठ.

"आहे, ताई. कडेला आहे आणि गाठीतही आहे. भरपूर."

उपचार सगळे बाकीच होते, पण ताईंचा आनंद काही पोटात मावेना. रिपोर्टवर सही झाल्यावर त्यांनी नणंदेला फोन लावला, आणि आधी चूक सांगितली, मग निकाल.

पलीकडे कितीतरी वेळ नुसतं रडणं. मग नाक ओढत नणंद म्हणाली, "वहिनी, तू चुकलीस? घरात सांगू सगळ्यांना?"

"सांग," ताई म्हणाल्या. "शेजारीपाजारीही सांग."