चेहऱ्याची रांग

जावयानं, अनुपनं, दिवाळीतच सासूसासऱ्यांचे चेहरे मोबाईलमध्ये नोंदवून ठेवले होते. विमानतळावर नुसतं तोंड दाखवायचं, फाटक उघडतं, रांगेची कटकट नाही. पण यंत्राला कुणाच्या घरचं सुतक काय कळणार? गेल्याच आठवड्यात थोरल्या भावाच्या, भगवंतरावांच्या, दहाव्याला उद्धवरावांनी रीतीप्रमाणे डोक्यावरचे केस आणि मिशा उतरवल्या होत्या.

रेणुकाबाई कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या आणि झटकन पार झाल्या. उद्धवराव उभे राहिले, तर लाल दिवा. पुन्हा उभे राहिले, पुन्हा लाल.

"उधर, जनरल लाइन में," पहारेकऱ्यानं हात केला.

"तू हो पुढं!" उद्धवराव बायकोला ओरडून म्हणाले. "इमानात जाऊन बस. मी आलोच."

त्याच दिवशी दुपारी बाराला पुण्यात लेकीचं, दीपमालाचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. आईबाप निघाल्याचं कळल्याशिवाय आत जाणार नाही, म्हणून ती हटून बसली होती. त्यासाठी तर जैनथ गावाहून पहाटेच गाडी करून, पैनगंगा ओलांडून दोघं विमानतळावर आले होते.

जनरल रांगेत पुढं अख्खं वऱ्हाड. कुणाचा पट्टा राहिला, कुणाची चिल्लर, आणि नवरीच्या मावशीचा ओटीच्या नारळावरून जवानाशी वाद. शेजारून चेहरेवाले एकामागून एक भराभर जात होते. उद्धवरावांच्या अंगाची नुसती लाही झाली. त्यांची पाळी आली, तर दुष्काळात तेरावा महिना, पिशवीत अडकित्ता सापडला.

"ठेवून घ्या बापा! जाऊ द्या मले!"

धापा टाकत ते पोचले तेव्हा विमानाचं दार बंद झालं होतं. आणि बाहेर रेणुकाबाई उभ्या होत्या.

"तू काऊन नाई गेली?" उद्धवराव कडाडले. "एक माणूस तरी पोरीजवळ पोचलं असतं ना!"

"निघाली होती. तुमाले सोडून पायच उचलला नाई," त्या रडू लागल्या.

पाऊण तास आधी आत येऊन बाई दारात थांबली होती. रागावं तरी कुणावर, हेच उद्धवरावांना कळेना. तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला होती.

"बाबा, बसले ना इमानात? डॉक्टर बलावून राह्यले."

उद्धवरावांनी बायकोच्या तोंडावर हात ठेवला.

"बसलो माय. दोघंबी बसलो. तू बिनघोर आत जा."