४८/२ ची वाकडी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. घराच्या नंबराची, निळ्या पत्र्याची, टीचभर. 'हिचं कसलं आलंय आत्मवृत्त!' म्हणून नाक मुरडू नका. माझ्या अंगावर जेवढे घाव आहेत, तेवढे तुमच्या वर्गातल्या सगळ्यात वांड पोराच्या अंगावरही नसतील.

माझा जन्मच मारहाणीत झाला. मला पत्र्यातून कापलं, साच्यावर ठेवून ४८/२ हे आकडे अंगात ठोकले, चारी कोपऱ्यांना भोकं पाडली. मग नोंगखाय गावात, मेकाँग नदीजवळच्या गल्लीत, लमाईबाईंच्या दाराशेजारी खिळ्यांनी टांगलं. पोरांनी गलोलीने आठावरचा रंग उडवला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. टपालवालासुद्धा "लमाईमावशी!" अशी हाक मारून पत्र फेकायचा.

मग एर्की आला. फिनलंडचा, जहाजावरचा स्वयंपाकी, निवृत्त झालेला. त्याने माडीवरची खोली भाड्याने घेतली आणि तो इथलाच झाला. चिकट भाताचे गोळे हाताने खाऊ लागला, लमाईची बोलणी हसत झेलू लागला. पण पडला परदेशी माणूस! निवृत्तांना इथे राहायची परवानगी मिळते ती एकेका वर्षाची. दर वर्षी नवा अर्ज, आणि त्यासोबत फोटो हवा: अर्जदार, घरमालकीण आणि मध्ये घराचा नंबर. म्हणून वर्षातून एकदा एर्की स्टुलावर चढून मला साबणाने धुवायचा, पुसायचा आणि म्हणायचा, "आमची राणी." मी फुलून जायची, खोटं कशाला बोलू?

लमाईच्या पुतण्याला, खामपनला, हे घर विकायचं होतं. म्हातारा देशाबाहेर गेला की काकू एकटी पडेल आणि मुकाट्याने सही करेल, असा त्याचा हिशेब. गेल्या वर्षी एर्कीची मुदत संपायच्या दिवशीच सरकारी साहेब घर बघायला यायचे होते. एर्की मला धूत होता. तेवढ्यात खामपन पहार घेऊन आला.

"उतर खाली, म्हाताऱ्या! पाटी नाही तर फोटो नाही. चल, गाशा गुंडाळ!"

"पाटीला हात लावू नकोस, बाबा."

पहार माझ्या पाठीत घुसली. चारी कोपरे टरकन फाटले, खिळे पोपड्यांसकट बाहेर आले. एर्कीने स्टुलावरून थेट त्याच्या अंगावर उडी टाकली आणि दोघं चिखलात लोळले. खामपनने मला उचललं आणि माझ्या फाटक्या कडेने एर्कीच्या कपाळावर सणसणीत वार केला. रक्त माझ्या आकड्यांत उतरलं. गरम होतं. जो मला राणी म्हणायचा, त्यालाच मी कापत होते! दुसरा वार डोळ्याखाली बसला, तिसरा कानावर. मी वाकले, पण तो काही थांबेना.

तेवढ्यात लमाई स्वयंपाकघरातून कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटायचा लाकडी बत्ता घेऊन धावत आली.

"मेल्या, माझ्या दारात माझ्या माणसाला मारतोस?"

पहिला तडाखा खामपनच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा गुडघ्यावर.

"काकू, अगं मी तुझा पुतण्या!"

"म्हणून तर डोकं सोडलंय!"

तिसरा तोंडावर पडला आणि दोन दात माझ्या शेजारी चिखलात येऊन पडले. खामपन लंगडत पळाला, तो पुन्हा गल्लीत फिरकला नाही. एर्की मात्र रक्ताने माखलेला, तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं ती त्याला 'भाडेकरू' म्हणायची.

साहेब आले तेव्हा दारात ही गर्दी! आमच्याकडे जिथे रक्त सांडतं, त्या घराच्या नंबराची लॉटरी घेतात. सगळे वाकून माझे आकडे वाचत होते. एर्की मला भिंतीशी धरून उभा राहिला.

"हातात धरलेली चालत नाही. पाटी भिंतीवर हवी," साहेब म्हणाले.

"आज मुदत संपतेय, साहेब," एर्की कसंबसं बोलला.

लमाईने चिखलातून खिळे वेचले. कोपरे तर फाटलेले. तिने खिळे माझ्या पोटावर ठेवले आणि त्याच बत्त्याने दाणदाण ठोकले. जीव गेला माझा! पण इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"चेहरा तरी पुसा त्यांचा," साहेब म्हणाले.

"किती वेळ पुसू? रक्त थांबतंय कुठे! आहे तसा काढा," लमाई म्हणाली.

फोटो निघाला. साहेबांनी अर्जावर माझा नंबर लिहिला आणि हळूच स्वतःच्या तळहातावरही लिहून घेतला. लॉटरी कुणालाच लागली नाही. गल्ली आठवडाभर माझ्या नावाने बोटं मोडत होती. एर्कीला मात्र वर्ष मिळालं.

त्या वारांनी त्याचा एक डोळा गेला. यंदा त्याला स्टुलावर चढवेना. लमाई चढली, त्याने स्टूल धरलं. शेजारी म्हणाला, "मावशी, ठोकून सरळ करून देऊ का पाटी?"

"खबरदार! फोटोत ती वाकडी आहे. सरळ केलीस तर साहेब विचारतील, घर बदललं का म्हणून!"

मित्रांनो, घरी गेलात की दारावरची पाटी एकदा ओल्या फडक्याने पुसा. तुम्ही तिच्याखालून रोज धावत आत जाता. माझ्याखाली नुसतं उभं राहता यावं म्हणून एक म्हातारा दर वर्षी परवानगी मागतो.