मावशीच्या स्वयंपाकघरातली शांतता

बाईंनी तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि डोळे मिटून घेतले. पडद्यावर एक म्हातारा आणि त्याची मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलत होती. म्हातारा एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. तो थांबला की आवाज असा नाहीसा व्हायचा, जणू कोणी ऐकणाऱ्याच्या कानात बोळे कोंबले. मुलगी बोलू लागली की खोली परत यायची. चित्र बघायला बरं होतं, पण नुसतं ऐकणाऱ्याला दर वाक्यागणिक खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं होत होतं.

"या खोलीची शांतता कुठाय?" बाईंनी विचारलं.

बारकीने मान खाली घातली. शेंडेफळ म्हणून ती घरी बारकी होती, आणि आवाज अगदी बारका म्हणून वर्गातही, कोणी कोणाला न विचारता, तिचं नाव तेच पडलं होतं. "राहिली," ती म्हणाली. बाईंना ते ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं.

ध्वनिमुद्रणाच्या वर्गात बाईंनी सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट हीच होती. शांतता म्हणजे काही नसणं नव्हे. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, जशी प्रत्येक घराच्या पाण्याची चव निराळी असते. म्हणून शूटिंग संपलं की कोणी जागचं हलायच्या आत सगळ्यांना गप्प बसवायचं आणि अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. पुढे एडिटिंगमध्ये नको असलेला आवाज कापला की तिथे भोक पडतं. त्या भोकाखाली ही शांतता अंथरायची, म्हणजे सांधा कळत नाही.

या तुकड्यात भोकंच भोकं होती. म्हाताऱ्याचं काम करणारे बारकीच्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, यांना वाक्यं काही केल्या पाठ होत नव्हती. त्यामुळे दर वाक्यानंतर दिग्दर्शक बाजूने सांगायचा, "हां काका, आता तिच्याकडे बघा. आता उसासा." हा दिग्दर्शक वर्गातलाच, पण त्याची बसण्याउठण्याची ऐट बघून सगळे त्याला सम्राट म्हणत. सम्राटाचा आवाज जिथे जिथे आला तिथे तिथे बारकीला कात्री लावावी लागली होती, आणि उघडी शांतता अशी टीचभरही शिल्लक राहिली नव्हती.

विसरली असती तरी तिला इतकं वाईट वाटलं नसतं. पण ती विसरली नव्हती. सम्राट "झालं, उचला सामान" म्हणाला तेव्हा "थांबा, अर्धा मिनिट" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. कॅमेरावाला लंबू वायर गुंडाळू लागला, काका कंबर धरून उठले, आणि ते शब्द आल्या वाटेने परत गेले.

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. वर्षाअखेरच्या चित्रपटाला ध्वनीच्या वर्गातून दोघांनाच घेतात, बाकीच्यांची रवानगी सामानाच्या खोलीत होते, हे तिलाही माहीत होतं. "शुक्रवारी नावं द्यायचीत," बाई म्हणाल्या. "तुझा कान चांगला आहे. पण ज्याला चार माणसांना गप्प बसा म्हणता येत नाही, त्याच्या कानाचा मला उपयोग काय?"

दुसऱ्या दिवशी बारकी रेकॉर्डर पाठीला लावून मावशीकडे गेली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं, कारण मावशीचं एक जुनं दुखणं होतं आणि ते बारकीनेच दिलेलं होतं. शूटिंगच्या दिवशी आवाज नको म्हणून तिने फ्रिज बंद केला होता आणि निघताना चालू करायचा राहिला. सकाळी मावशीने दार उघडलं तर दूध नासलेलं, भाज्यांनी माना टाकलेल्या, आणि खालच्या फरशीवर तळं. फ्रिज बंद केला की आपल्या घराची किल्ली त्यात ठेवावी, म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही, ही ध्वनिमुद्रकांची रीत बाईंनी सांगितली होती. बारकीला तेव्हा तो विनोद वाटला होता. मावशीला त्यात विनोद दिसला नव्हता, आणि तिने तो नासाडीचा किस्सा नातलगांत एकूणएक सगळ्यांना ऐकवला होता.

आल्याचं कारण ऐकून मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शांतता न्यायला आलीस, ती काय तुमच्याकडे मिळत नाही का, की तीही इथूनच उचलून न्यायची, असं तिने विचारलं. खुर्चीतून काका म्हणाले की या घरातली शांतता सापडली तर त्यांनाही जरा ऐकव, लग्न झाल्यापासून त्यांनी ती ऐकलेली नाही.

बारकीने दोघांना हातापाया पडून खाली अंगणात पाठवलं, खिडकी लावली, फ्रिज बंद केला आणि या खेपेला किल्ली आठवणीने लोण्याच्या डब्याशेजारी ठेवली. रेकॉर्डरचं बटण एकदा दाबलं. लाल दिवा लुकलुकू लागला. म्हणजे यंत्र नुसतं तयार, अजून मुद्रण नाही. दुसऱ्यांदा दाबलं तसा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता जळत राहिला. अर्धा मिनिट कोणीही तिला काही विचारलं नाही, आणि तिला सुटल्यासारखं झालं. माणसं नसली की काम किती सोपं, असं मनात म्हणत ती फ्रिज चालू करून, किल्ली घेऊन, मावशीने दिलेला थंडगार चहा पिऊन परत आली. चहा मुद्दाम थंड दिला होता की काय, हे कळायला मार्ग नव्हता.

एडिटिंगच्या खोलीत तिने ती शांतता भोकांखाली अंथरली आणि ऐकली. मग हेडफोन काढून टेबलावर आपटला. जमत नव्हतं. काका बोलत असताना खोली भरलेली, उबदार वाटायची. ते थांबले की रिकाम्या पिंपात तोंड घातल्यासारखं पोकळ. तिने आवाज कमी केला, वाढवला, अलीकडे सरकवला, पलीकडे सरकवला. पोकळ ते पोकळच.

बाईंनी दारातूनच ऐकलं. "त्या दिवशी खोलीत किती जण होते?"

सहा, बारकी म्हणाली.

"आणि ही शांतता घेतलीस तेव्हा?"

मी एकटीच, बारकी म्हणाली. माणसं आवाज पितात, बाई म्हणाल्या. अंग, कपडे, केस, सगळं पितं. सहा माणसांची खोली आणि एका माणसाची खोली ही एकच खोली नव्हे. "त्याच सहा जणांना त्याच जागी बसव. कॅमेरासुद्धा होता तिथेच ठेव." एवढं सांगून त्या निघून गेल्या. जणू सहा माणसांना गोळा करणं म्हणजे कपाटातून सहा वाट्या काढणं.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिने ते जमवलं, पण त्यापायी तिचा जीव मेटाकुटीला आला. लंबूला दुसरं शूटिंग होतं. मुलीचं काम केलेली अभिनयाच्या वर्गातली पोरगी म्हणाली, मला संवाद नाहीत तर येऊ कशाला. सम्राट तर हसलाच. शांततेसाठी माणसांची जमवाजमव करणारी तू जगातली पहिलीच, असं तो म्हणाला, आणि तरी आला. बहुधा आपल्याशिवाय तो तुकडा पुरा होत नाही या विचाराने आला असावा.

अखेर सगळे मावशीच्या स्वयंपाकघरात आपापल्या जागी बसले. काका आणि ती पोरगी टेबलाशी, लंबू कॅमेऱ्यामागे, सम्राट खिडकीच्या कट्ट्यावर, मावशी ओट्याला टेकून. मधल्या काळात मावशीने पडदे धुवायला काढले होते. ते ओलेच परत लावायला सांगताना बारकीला घाम फुटला. फ्रिज बंद झाला, किल्ली आत गेली. त्या किल्लीकडे बघून मावशीने एक सुस्कारा सोडला, जो सगळ्यांना नीट ऐकू आला.

बारकीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पाच-सात सेकंद झाले असतील नसतील, तोच काकांच्या पोटात गुरगुर झाली. मावशी म्हणाली, "सांगत होते, दुसरी पोळी घ्या." पोरगी फिसकन हसली. पहिला प्रयत्न गेला.

दुसऱ्या वेळी लंबूचा बूट करकरला. तिसऱ्या वेळी सगळं छान चाललं असताना मावशी कुजबुजली, "झालं का गं?" आणि कुजबुजल्यामुळे ते मोजलं जाणार नाही अशी तिची प्रामाणिक समजूत होती. चौथ्या वेळी सम्राटाचा फोन थरथरला. तो बंद करायला सांगितला होता. त्याने नुसता मुका केला होता. दर वेळी बारकी म्हणायची, "सॉरी, परत एकदा," आणि दर वेळी कोणीतरी विचारायचं, "काय म्हणाली?" सॉरी आपण का म्हणतोय, हे तिला कळत नव्हतं. बोलत होते ते, आणि माफी मागत होती ती. तिचे कान तापले होते आणि हेडफोनच्या आत स्वतःचंच रक्त धडधडताना ऐकू येत होतं.

सम्राट कट्ट्यावरून उतरला. "हे बघ बारके, पुरे झालं. कॉम्प्युटरवर कसलीतरी सपाट शांतता बनवून टाक. कोणाला कळतंय? मी निघतो."

त्याने बॅगेला हात घातला. लंबूही वाकला. काकांनी टेबलावर हात टेकले, अगदी त्या दिवशी टेकले होते तसेच. तेच सगळं पुन्हा होत होतं, आणि तेच शब्द पुन्हा ओठांपर्यंत आले होते.

"खाली बस," बारकी म्हणाली.

तिचा आवाज काही मोठा झाला नव्हता. पण या वेळी त्याच्याआधी 'सॉरी' नव्हतं. सम्राटाने मागे वळून पाहिलं, आपल्यालाच म्हणाली का याची खात्री करून घेतली, आणि बसला.

"माझे खड्डे तुझ्या बोलण्याने पडलेत," ती म्हणाली. "बुजेपर्यंत तू इथून हलायचं नाहीस. लंबू, बूट काढ. काका, पाणी प्या, म्हणजे पोट गप्प बसेल. मावशी, तू माझ्याकडे बघ. मी हात खाली करीपर्यंत कुजबुजसुद्धा नाही."

तिने हात वर केला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

आणि खोली गप्प झाली. आधी मावशीच्या ओल्या पडद्यातून एक थेंब पडला, मग तोही नाही. कोणाच्या तरी सदऱ्याची अगदी हलकी सळसळ, सहा जणांचे श्वास, भिंतीपलीकडे दूर कुठेतरी वाहणारा रस्ता. कानाला मऊ लागणारी, भरलेली, त्या दिवशीचीच शांतता होती ती. मावशी डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होती, जणू श्वास घेतला तरी बोलणी बसतील. बारकीला ती शांतता संपूच नये असं वाटलं. अर्ध्या मिनिटाच्या वर चांगले दहा सेकंद जाऊ दिले आणि तिने हात खाली केला.

सगळ्यांनी एकदम सुस्कारे सोडले. काका म्हणाले की आता मरायला हरकत नाही, ही शांतता ऐकून झाली. मावशी फ्रिजच्या बटणाकडे वळली, लंबू बूट शोधू लागला, सम्राटाने फोन काढला.

बारकीने रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता.

रागाच्या भरात तिने बटण एकदाच दाबलं होतं. हेडफोनमध्ये सगळं ऐकू आलं होतं, आणि यंत्रात त्यातलं काहीसुद्धा शिरलं नव्हतं.

कोणाचंही लक्ष नव्हतं. थँक यू म्हणावं, सामान उचलावं, कॉम्प्युटरवर सपाट शांतता बनवावी. शुक्रवार अजून संपला नव्हता. बाईंना कळलं असतं, पण इथल्या कोणालाही कळलं नसतं. मावशीचा हात फ्रिजच्या बटणाला टेकतच होता.

"मावशी, हात मागे घे," ती म्हणाली. "माझ्याकडून यंत्र चालूच झालं नाही. परत."

सम्राटाने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. मावशीच्या चेहऱ्यावरून नासलेलं दूध, माना टाकलेल्या भाज्या, फरशीवरचं तळं, सगळं एकामागून एक सरकून गेलं. पण ती मुकाट्याने ओट्याला टेकून उभी राहिली. काम सोडून आलेला लंबू पुटपुटत पुन्हा अनवाणी झाला. काय म्हणाली, असं या वेळी कोणी विचारलं नाही.

बारकीने हात वर केला. बटण दाबलं; दिवा लुकलुकला. पुन्हा दाबलं. दिवा लुकलुकायचा थांबल्याचं तिने नीट पाहिलं आणि मगच डोळे मिटले.