टॅबमधला डावा कौल

शनिवारी सकाळी आठ वाजायच्या आतच भाईंदर पूर्वेच्या त्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चपलांचा खच पडला होता. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या कडेवर पोर, कुणी मुलीची पत्रिका घेऊन आलेलं. आणि ही सगळी जत्रा कशासाठी? तर शेवंतीवहिनींच्या देव्हाऱ्यात ठेवलेल्या एका सेकंडहँड टॅबच्या दर्शनासाठी! त्याची काच कोपऱ्यात तडकलेली आणि बॅटरी इतकी दमलेली, की चार्जर काढला की टॅब पाच मिनिटांत मान टाकायचा. पण झेंडूची माळ आणि हळदीकुंकू यांत कुठे कमी नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या संध्या मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. पर्स सांभाळत त्या खाली उतरत होत्या.

"अहो, जाऊ द्या, माझी शाळा आहे."

"मॅडम, चपला काढून जा. दरबार चालू आहे," जिन्यातल्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"जिन्यात?" संध्या मॅडम म्हणाल्या. "उद्या लिफ्टमध्ये सोवळं नेसायला सांगाल. बरं तर बरं, आपल्याकडे लिफ्टच नाही!"

पण त्या थांबल्या. कारण आतून, वहिनींच्या समोरच्याच खोलीत राहणाऱ्या जितेंद्रचा आवाज ऐकू आला. महिन्याभरापूर्वीपर्यंत हा स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचा. आता त्याच्या कपाळावर भस्माचे चार पट्टे आणि नावामागे 'महाराज' लागलं होतं.

"भक्तहो, ही साधी काच नव्हे! हे कलियुगाचं कवाड आहे! बाहेर चार्जर, आत चैतन्य!"

चैतन्याची कथा अशी. लेक नेहाच्या परीक्षेच्या सरावासाठी शेवंतीवहिनींनी नया नगरमधल्या एका दुकानातून हा जुना टॅब घेतला. उघडला तर पडद्यावर कुठल्याशा देवीचा फोटो. दुकानदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "भाभी, रिसेट मार देता हूँ, पुराना सब निकल जाएगा." वहिनींनी कानांवर हात ठेवले. "नाय नाय भैया! देवी है उसमें. देवी को मिटाने का नाय!" झालं, टॅब जसाच्या तसा घरी आला. दुसऱ्या दिवशी फोटो उघडून बघतात तो तीच देवी हिरव्या साडीत! तिसऱ्या दिवशी पिवळ्या! वहिनींच्या हातातला चहा लादीवर सांडला. त्या दिवसापासून टॅब देव्हाऱ्यात गेला आणि नेहाचा सराव बोंबलला.

मग जितेंद्रने सूत्रं हातात घेतली. रोज सकाळी डोळे मिटून तो एका बोटाने पडदा खाली ओढायचा, की नवं दर्शन हजर. मधूनच भलतंच काही दिसायचं. एकदा झेंडूने भरलेली गोणी दिसली. "पोत्यानं लक्ष्मी येणार!" एकदा पंक्चर झालेलं चाक. "आठवडाभर प्रवास वर्ज्य!" एकदा नुसताच लालभडक गोल दिसला, तर "उगवता सूर्यनारायण!" म्हणून अख्ख्या मजल्याने सूर्याला दंडवत घातला.

इथवर संध्या मॅडम हसत होत्या. पण त्या शनिवारी त्यांचं हसू मावळलं.

शेवंतीवहिनींचे यजमान विठूदादा स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायचे. बारीक काम, सगळा खेळ डोळ्याचा. गुरुवारी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळी सावली उतरली. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. सोमवारी सकाळी ऑपरेशन करू. रविवारी दहाच्या आत होकार कळवा. उशीर केलात तर डोळा हातचा जाईल."

आणि वहिनी होकार मागत होत्या टॅबकडे. मूळच्या रत्नागिरीकडच्या त्या. तिकडे देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावून कौल घ्यायची रीत आहे. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. शुक्रवारच्या फोटोत देवीच्या डाव्या खांद्यावरचं फूल पडलेलं. शनिवारच्या फोटोतही डावंच!

"देवी नको म्हणते!" जितेंद्र गरजला. "डोळ्याला शस्त्र लावलंत तर कोप होईल. एकवीस दिवसांचं अनुष्ठान करतो. रोज देवीचं तीर्थ डोळ्यात घाला, कौल उजवा झालाच म्हणून समजा!"

संध्या मॅडम गर्दीतून वाट काढत आत घुसल्या. "वहिनी, डोळ्यात पाणीबिणी घालू नका हां! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

शेवंतीवहिनींचे डोळे रडून सुजले होते. "मॅडम, माझा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नाही. तेव्हा आम्ही कौल घेतला नव्हता. ह्यांचं तसं झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

वहिनी मूर्ख नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. मॅडमना राग आला तो जितेंद्रचा. असा आला, की शाळेत त्यांनी दोन तास विनाकारण पोरांना झापलं.

दुपारी वहिनी नारळ आणायला बाहेर पडल्या तसं विठूदादांनीच हळूच दार उघडलं. "या मॅडम. काय बघायचं ते झटपट बघून घ्या. महाराज झोपलेत, हे घोरणं ऐका."

"टॅबला इंटरनेट कुठलं?"

"समोरच्या जितूचंच वायफाय. टॅब आणला त्याच दिवशी त्यानं जोडून दिलं. पासवर्ड म्हणे गुप्तमंत्र आहे. कधीकधी देवी दिसत नाही, तेव्हा हा म्हणतो देवी रुसली. दक्षिणा ठेवली की घरी जाऊन ध्यान लावतो, लगेच देवी हजर!"

"ध्यान लावतो की बटण?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी आजचा फोटो उघडून बोटाने वर सरकवला. खाली माहिती आली. वेळ सकाळी सात वाजून चार मिनिटं. ठिकाण खारी. वर खात्याचं नाव जीवन.

"दादा, तुमची देवी स्वर्गातून येत नाही. रिक्षाने दहा मिनिटांवरून येते."

खारी गावात देवीची घुमटी शोधायला फार फिरावं लागलं नाही. रस्त्याला लागूनच होती. शेजारी फुलांची टोपली मांडून पन्नाशीचा जीवन फुलवाला बसला होता.

"जीवनभाऊ, तुम्ही एखादा टॅब विकला होता का?"

"हाय की, मीच इकला. का? चालत न्हाय?"

"चालतो हो, फार चालतो. रोज आरती होते त्याची!"

सगळं ऐकून जीवनने कपाळावर हात मारला. तो रोज सकाळी देवीची पूजा बांधायचा आणि गिऱ्हाइकांना पाठवायला फोनवर फोटो काढायचा. टॅब विकताना त्याचं खातं तसंच राहिलं होतं. त्यामुळे फोनवर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप टॅबवर जाऊन बसत होता.

"प्रत्येक?" जीवन दचकला. "मॅडम, माझ्या मांडीला गळू झालता. डाक्टरला दाखवायला फोटो काढला. लाल, मोठा, गोल..."

संध्या मॅडम घुमटीच्या कट्ट्यावर बसून पोट धरून हसल्या. अख्ख्या मजल्याने ज्या सूर्यनारायणाला दंडवत घातला, तो हा!

"आणि डाव्या खांद्याचं फूलच का पडतं रोज?"

"रस्ता डाव्या अंगाला हाय ना. सातची बस गेली का सगलं हालतं. डावं फूल पडतंच. फोटो काढून झाला का मी परत लावतो." मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "माझ्या देवीच्या नावानं कोन मानसाचा डोला घालवतो? सांगा मॅडम, काय करायचं मी?"

रविवारी सकाळी नऊला दरबार भरला. आज शेवटचा कौल. विठूदादा कोपऱ्यात डोळा झाकून बसलेले, वहिनी हात जोडून उभ्या. दाराशी उभ्या असलेल्या संध्या मॅडमना बघून जितेंद्रच्या कपाळावरच्या पट्ट्यांना आठ्या पडल्या.

"नास्तिकाची सावली पडली! देवी रुसली! मी ध्यान लावून येतो," म्हणत तो तरातरा आपल्या खोलीत गेला. जाऊन वायफाय बंद करून परत आला. "आता मौन. दुपारपर्यंत देवी दिसणार नाही."

म्हणजे दहाची वेळ टळणार. पण टॅबला पहाटेच विठूदादांनी मॅडमच्या फोनचं इंटरनेट जोडून ठेवलं होतं, ते याला कुठलं ठाऊक!

"बघू तरी," म्हणत विठूदादांनी बोटाने पडदा खाली ओढला आणि जमाव पुढे झुकला. पडद्यावर देवी होती, आणि बाजूला हातात पुठ्ठा धरून एक मिशाळ माणूस. पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'शेवंतीताई, हे फोटो मी काढतो. दादांचं ऑपरेशन करा. जीवन फुलवाला, खारी.'

लोक एकमेकांना ढकलत पुठ्ठा वाचू लागले. मग जितेंद्र ओरडला, "देवीनं पुरुषरूप घेतलं!"

आणि काय सांगावं, दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा!

"असं का?" संध्या मॅडम म्हणाल्या. "मग त्या रूपाला फोन लावते." त्यांनी स्पीकर चालू केला. "जीवनभाऊ, ऐकताय ना? हरिश्चंद्रकाका, तुम्ही सांगा, देवीच्या दारात काय दिसायला हवं? काहीही सांगा."

पहिल्या मजल्यावरचे हरिश्चंद्रकाका गोंधळले. रविवारची भाजीची पिशवी त्यांच्या हातातच होती. "दुधी!" ते म्हणाले.

"शेजारी भाजीवाली हाय, थांबा," फोनमधून आवाज आला. "पन देवीसमोर न्हाय धरनार. बाजूला धरतो."

एक मिनिट गेलं. विठूदादांनी पडदा ओढला. जीवन फुलवाला डोक्यावर हातभर लांब दुधी धरून दात काढत उभा!

असा हशा पिकला, की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले. मग हौस म्हणून शेजारच्या शालूने मिरच्या मागितल्या, मिरच्या आल्या. मॅडमनी बसची गोष्ट सांगितली, खात्याची सांगितली. गळवाचीही सांगितली, तेव्हा दंडवत घालणाऱ्यांनी हळूच कपाळं पुसली.

हरिश्चंद्रकाका मात्र हसत नव्हते. "जितू, तू तर मोबाइलच्या धंद्यातला. तुला हे ठाऊक नव्हतं?"

जितेंद्र चपला शोधायला लागला, आणि त्या खचात त्याला स्वतःच्या चपला सापडेनात.

"ठाऊक होतं तुला!" शेवंतीवहिनी पुढे होत म्हणाल्या. "ह्यांचा डोळा जाईल हे ठाऊक असून तू मला तीर्थ घालायला सांगत होतास! मला वहिनी म्हणत होतास ना रे?"

तो अनवाणीच निघून गेला.

दहाला पाच मिनिटं कमी होती. वहिनींनी मॅडमच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः डॉक्टरांना सांगितलं, "उद्या सकाळी घेऊन येते. करा ऑपरेशन."

सोमवारी दुपारी डॉक्टर बाहेर आले. "नजर वाचेल असं वाटतंय. आणखी दोन दिवस थांबला असतात तर काही खरं नव्हतं."

वहिनी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी आता देवीला काही विचारायचंच नाही का?"

"हात जोडा की, कोण नको म्हणतंय?" संध्या मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "पण डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: हे घडतं कसं? जो खरा असेल तो शांतपणे समजावून सांगेल. जो तुम्हाला कोपाची भीती घालेल, त्याच्या हातात आपल्या माणसाचा जीव द्यायचा नाही."

वहिनींनी मान हलवली, डोळे पुसले आणि नर्सकडे जाऊन विचारलं, "ताई, ते थेंब किती वाजता घालायचे, आणि कशासाठी असतात, ते जरा नीट समजावून सांगा."