रिकामे डबे

विजयराघवांच्या शिबिराला जाऊन आपल्याला काय मिळणार, हे घरात पाळणाघर चालवणाऱ्या कामाक्षीनं जायच्या आधीच मनात मांडून ठेवलं होतं. दारावर ‘निरोगी पाळणाघर’ अशी पाटी. बँकेत, कॉलेजात नोकरी करणाऱ्या सुनांची पोरं. आणि एकादशीला भजनमठात जरा पुढची जागा. जमेच्या बाजूला एवढं. नावे टाकायला एकच गोष्ट होती, तिचा हात. ‘कामाक्षीकडे ठेवा, पोर लोण्याचा गोळा होतं,’ ही कुंभकोणमच्या मराठी घरांत तिची ख्याती, आणि शिबिरात नेमका तोच हात आवरायला शिकवणार होते.

पण बाई हुशार. विजयराघव आहारतज्ज्ञ, माणूस कळकळीचा. त्यांनी सांगितलं, लेकरानं तोंड फिरवलं की घास थांबवा. कावळा-चिमणीच्या नावानं कोंबू नका, मोबाइल समोर धरून तर नाहीच. झोपवताना साखरदुधाची बाटली नको. ऊन उतरलं की पोरांना अंगणात धावू द्या. कामाक्षीनं हे सगळं केलं, आणि मनापासून केलं. पोरं संध्याकाळी किरकिर करेनाशी झाली, हे तिलाही दिसत होतं.

अडलं ते डब्यापाशी.

“आक्का, डब्यांत अर्धें तसेंच राहिलें कीं,” लावण्या दारातच म्हणाली. ती पापनाशमच्या बँकेतून थेट आपल्या सूर्याला न्यायला यायची.

“पोट भरलें गे त्याचें. तोंड फिरविलें.”

“त्यानें फिरविलें, पण घरीं सासूबाई डबा उघडून बघतात ना! उरलें कीं म्हणतात, आईच्या हातचें लेकराला गोड लागत नाहीं. पट्टीश्वरमला कोणी नवी बाई आहे म्हणे. तिच्याकडून डबे पुसून येतात.”

इथं बोलायचं वाक्य विजयराघवांनी सगळ्या बायकांकडून घोकून घेतलं होतं: काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते लेकरू ठरवील. कामाक्षीला ते पाठ होतं. ती हसली आणि म्हणाली, “उद्यां बघ.”

उद्यापासून डबे रिकामे जायला लागले.

आता उरलेलं अन्न जायचं कुठं? कचऱ्यात टाकायचं, तर अन्न आहे. गाईला घालायचं, तर पोरांच्या चमच्याचं उष्टं. ते गाईला चालत नाही. घरच्या लेकराला मात्र लेकराचं उष्टं बाधत नाही, असं तिची सासू सांगून गेली होती. घरात लेकरू एकच, मधुमिता, पाच वर्षांची. तिची आई सौंदर्या, म्हणजे कामाक्षीची लेक, चेन्नईला साड्यांच्या दुकानात होती. पोर शाळेतून दुपारी यायची आणि आजीसमोर मांडी घालून बसायची. याचा तूपभात, तिचा गुळाचा साखरपोंगल, कुणाच्या तेलात कालवलेली पुडीची चटणी लावलेल्या इडल्या.

पहिल्या आठवड्यात मधुमितानंही तोंड फिरवलं होतं. कामाक्षीनं ते पाहिलं नाही. ते पाहायचं पाळणाघरातल्या पोरांचं असतं, ही घरातली. पुढं पोरीनं फिरवणं सोडूनच दिलं. इकडे डबे मोकळे बघून सासवा खूश, सुना खूश, आणि लेकराची भूक वाढली म्हणून डबे आणखी दाबून भरले जाऊ लागले.

मधुमिता जिना चढताना धाप लागून मध्यावरच बसायला लागली. मानेभोवती काळा पट्टा उमटला. कामाक्षी तो डाळीच्या पिठानं घासायची, पोर रडली तरी घासायची. “शाळेंतला मळ गे हा, किती लोळतेस!”

पावसाळा सरल्यावर विजयराघव वजनकाटा घेऊन आले. एकेक पोर काट्यावर चढलं. सूर्या तर उतरायलाच तयार नव्हता. सगळ्यांची वजनं हवी तेवढीच भरली, टाळ्या वाजल्या. विजयराघवांनी स्वतः खिळा ठोकून पाटी लावली. तेवढ्यात मधुमिता शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तीही काट्यावर उभी राहिली, टाळ्यांची वाट बघत.

विजयराघवांनी आकडा पाहिला. मग वाकून तिची घासून सोललेली मान पाहिली.

“अम्मा, ही कोणाची?”

“ही पाळणाघरातली नव्हे,” कामाक्षी म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मधुमितानं आजीकडे पाहिलं आणि हळूच काट्यावरून उतरली.

“हा मळ नाही, अम्मा. घासू नका. उद्याच्या उद्या रक्तातली साखर तपासा,” विजयराघव म्हणाले. पाटीकडे त्यांनी एकदा बघितलं, पण तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलले असते तर कामाक्षीला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाक्षीनं उरलेलं अन्न ज्याच्या त्याच्या डब्यातच ठेवून झाकणं लावली. मधुमिता रोजच्या जागी येऊन बसली आणि न सांगता तोंड उघडलं. रक्त काढलेल्या हाताला कापूस तसाच चिकटलेला होता. घास आला नाही तशी ती रडवेली झाली.

“आजी, मी पुन्हां काट्यावर नाहीं उभी राहणार. खरेंच नाहीं.”

संध्याकाळी लावण्यानं डबा हातात घेऊन हलवला. जड लागला. आता कामाक्षीनं ते घोकलेलं वाक्य म्हटलं, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्याला मधुमिताचं सगळं जोडून सांगितलं.

लावण्यानं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे इतके दिवस माझा मुलगा जेवतच नव्हता?”

तर शेवटचा हिशोब असा. पाटी कामाक्षीच्या दारावर आहे, आत पोरं कमी आहेत. भजनमठात तिची जागा खांबामागं गेली. सूर्या पट्टीश्वरमच्या बाईकडे जातो. तोंड फिरवतो, तिथं ते कुणी बघत नाही. त्याच्या आजीला पुसलेला डबा मिळतो. आणि ज्या मधुमितासाठी कुणी कधी डबा भरलाच नव्हता, ती सगळ्यांच्या डब्यांचं देणं भरते आहे: दर थोड्या दिवसांनी रक्त काढायला हातात सुई, रविवारी येणाऱ्या आईसमोर खाली घातलेली मान, आणि दुपार झाली की आपोआप उघडणारं तोंड.