मानाची बंडी

आल्बानने दोन्ही हात वर केले आणि त्याच्या लेकीने, रोझिनाने, पिवळी बंडी त्याच्या डोक्यावरून अंगात घातली. गेले तीन हिवाळे हे काम तीच करी. बंडी असायचीही तिच्याच गाडीत. 'जुन्या मास्तरांना मान म्हणून स्की शाळा देते,' असं तिनं सांगितलं होतं, आणि त्याला ते सहज पटलं होतं. चाळीस वर्षं त्यानं अर्ध्या खोऱ्याला बर्फावर उभं राहायला शिकवलं होतं.

डोळ्यांचा नंबर उणे नऊ. गॉगलखाली चष्मा घातला की पहिल्याच उतारावर काचांवर वाफ धरे. लेन्स कोरड्या डोळ्यांना सोसत नसत. म्हणून चष्मा काढून गाडीत ठेवायचा, मग बंडी चढवायची आणि पुढे लेकीचं लाल जाकीट जिकडे वळेल तिकडे वळायचं. लोक आपणहून बाजूला होत. तोही ऐटीत मान लववून पुढे जाई.

आज मात्र गॉगलच्या आत नंबराच्या काचा होत्या. चष्मेवाल्याकडून गुपचूप बसवून घेतलेल्या. वर पोचल्यावर लेकीला चकित करायचं, म्हणून तो लिफ्टमध्ये गप्प बसला. समोरच्या कड्यावरची भेग न् भेग दिसत होती. त्याला हसू आवरेना.

वर उतरल्यावर रोझिना बूट आवळायला वाकली. आल्बान उपाहारगृहाच्या मोठ्या काचेसमोर उभा राहिला. काचेत एक म्हातारा होता. त्याच्या छातीवर, पिवळ्या कापडावर, तीन काळे ठिपके. टिरोलच्या या डोंगराळ मुलखात शाळकरी पोरांनाही कळणारी खूण: हा आंधळा आहे, सांभाळा.

"रोझिना, ही मानाची बंडी ना?"

ती उठली. तिनं त्याच्या गॉगलकडे निरखून पाहिलं.

"दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय."

"बाबा, तुम्ही घरी बसायला तयार नव्हता. कुणाचं ऐकायलाही नाही. मी करायचं तरी काय?"

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर घातली असती?"



"गावात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

त्यानं बंडी काढून तिच्या हातात दिली आणि एकटाच निघाला. पाय काही विसरले नव्हते. उतारावरचे खळगे-उंचवटे, कुणाच्या स्कींचे ताजे ओरखडे, सगळं लख्ख दिसत होतं. तिसऱ्या वळणावर मागून कुणीतरी सुसाट आला आणि त्याला घासून पुढे गेला.

"ओ आजोबा! कडेनं जा की! उतार काय तुमच्या बापाचा आहे?"

आवाज ओळखीचा होता. या माणसाला पहिलं वळण त्यानंच शिकवलं होतं, हाताला धरून.

आल्बान मुकाट्यानं कडेला सरकला.